डेफर्ड पेमेंट एलसीवर मुदतीआधी उचललेला पैसा कोणाच्या जोखमीवर असतो?

मुनीमजी

नमस्कार मंडळी. आमच्या वणी भागातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना रुईच्या गठाणींसाठी परदेशी सूतगिरण्यांकडून ज्या एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागदपत्रे बरोबर असतील तर विक्रेत्याला पैसे देण्याचे खरेदीदाराच्या बँकेचे लेखी वचन) येतात, त्यांत 'डेफर्ड पेमेंट' हा प्रकार अलीकडे वारंवार दिसतो. मी अशा काही कारखान्यांचे बँकेचे कागद पाहतो. माल रवाना होतो, कागदपत्रे बँकेत जातात, खरेदीदाराची बँक ती स्वीकारल्याचे व अमुक तारखेला पैसे देणार असल्याचे कळवते आणि ती तारीख ९० किंवा १२० दिवसांनंतरची असते. इकडे शेतकऱ्याचा चुकारा थांबत नाही. कापूस काट्यावरून उतरला की त्याचे पैसे द्यावेच लागतात, आणि ते दिलेच पाहिजेत. म्हणून कारखानदार आपल्या बँकेकडे जातो, व्याज कापून उरलेली रक्कम आजच उचलतो आणि हंगाम पुढे चालू ठेवतो.

हा धागा त्या मधल्या काळाविषयी आहे. आपल्या बँकेने आज पैसे दिले, खरेदीदाराच्या बँकेकडून ते तीन महिन्यांनी यायचे आहेत आणि तेवढ्यात कागदपत्रे बनावट असल्याचा आरोप झाला किंवा न्यायालयाने पैसे देण्यास मनाई केली, तर बुडीत कोणाच्या खात्यावर पडते? आपल्याकडे बहुतेक जण 'एलसी आहे म्हणजे पैसा पक्का' असे धरून चालतात. तत्काळ पैसे देणाऱ्या साईट एलसीच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. मुदतीच्या एलसीत मात्र उत्तर एलसीच्या शब्दांवर ठरते आणि ते शब्द आपण वाचत नाही.

मुदतीच्या एलसीचे दोन प्रकार नीट वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्यात विक्रेता मुदतीची हुंडी, म्हणजे बिल ऑफ एक्स्चेंज, लिहितो, बँक तिच्यावर सही करून ती स्वीकारते आणि मुदत भरल्यावर पैसे देते. दुसऱ्यात हुंडी नसतेच. कागदपत्रे बरोबर असतील तर ठरलेल्या तारखेला पैसे देण्याचे बँकेचे केवळ लेखी वचन असते. हा दुसरा प्रकार म्हणजे डेफर्ड पेमेंट. हुंडीवर लागणारे मुद्रांक शुल्क वाचावे, हे तो रूढ होण्यामागचे एक मोठे कारण होते. व्यवहारात दोन्ही सारखेच वाटतात, कारण पैसे त्याच तारखेला येतात. फरक वाद झाल्यावरच कळतो.

तो फरक इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००० साली बँको सान्तान्देर विरुद्ध बँक पारिबा या खटल्यात उघड केला. पारिबाने जून १९९८ मध्ये बेफर्न नावाच्या विक्रेत्याच्या नावे डेफर्ड पेमेंट एलसी उघडली होती. मुदत बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीच्या, तारखेपासून १८० दिवसांची होती आणि सान्तान्देरने एलसीला आपले कन्फर्मेशन, म्हणजे आपणही पैसे देऊ अशी स्वतःची हमी, जोडले होते. कागदपत्रे आल्यावर सान्तान्देरने मुदतीची वाट न पाहता बेफर्नला व्याज कापून सुमारे २ कोटी डॉलर देऊन टाकले. नंतर काही दिवसांतच कागदपत्रांमध्ये बनावट कागद असल्याचे पारिबाने कळवले. मुदत २७ नोव्हेंबर १९९८ ला भरत होती. न्यायालयाने म्हटले की पारिबाने सान्तान्देरला त्या तारखेला पैसे देण्याचा अधिकार दिला होता, आधी देण्याचा नव्हे. आधी दिले तो सान्तान्देरचा स्वतःचा व्यवहार. त्या व्यवहारातून सान्तान्देरला बेफर्नचेच हक्क मिळाले आणि बेफर्नला लबाडीमुळे काहीच मिळणार नव्हते, म्हणून सान्तान्देरलाही काही मिळाले नाही. एलसीला कन्फर्मेशन देणाऱ्या, लबाडीची कल्पना नसलेल्या बँकेचा पैसा बुडाला. त्याच जागी स्वीकारलेली हुंडी असती, तर निकाल वेगळा लागू शकला असता.

पुढे १ जुलै २००७ पासून लागू झालेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या नियमांत यावर उपाय केला गेला. तो उपाय सर्वांना लागू पडत नाही, असे माझे मत आहे, आणि आपल्या तालुक्यांतील बहुतेक व्यवहार नेमके त्याच्या बाहेर राहतात. जाणकारांनी यावर लिहावे.

केळापूर

मुनीमजी, विषय फार उपयोगी काढलात. एक शंका आहे. बँकेने लेखी वचन दिले आहे, तारीख दिली आहे, रक्कम दिली आहे. हुंडीवरची सही आणि हे वचन यांत कायदा एवढा भेद का करतो? दोन्ही शेवटी बँकेचाच शब्द आहेत.

अमरावती वकील

केळापूरकर, आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन जुन्या भारतीय कायद्यांत आहे.

हुंडी ही १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली येते. त्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे जो माणूस किंवा जी बँक मोबदला देऊन, मुदत भरण्यापूर्वी आणि समोरच्याच्या हक्कात काही खोट आहे असे मानण्यास पुरेसे कारण नसताना हुंडीचा ताबा घेते, तिला 'होल्डर इन ड्यू कोर्स' म्हणतात. तिचा हक्क मूळ विक्रेत्याच्या हक्कापेक्षा वरचढ असतो. कलम ३६ प्रमाणे हुंडीवरील आधीचे सर्व पक्ष, म्हणजे ती स्वीकारणारी बँकसुद्धा, तिला बांधील राहतात. कलम ५८ मध्ये लबाडीने मिळवलेल्या हुंडीवर पैसे मागता येत नाहीत असे सांगितले आहे, पण त्यातूनही हा धारक वगळला आहे. विक्रेता लबाड निघाला तरी प्रामाणिकपणे हुंडी वटवणारी बँक सुटते, ती या तरतुदींमुळे.

डेफर्ड पेमेंटच्या वचनाला ही ढाल नाही. ते वचन म्हणजे एक येणे रक्कम, जिला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा 'ॲक्शनेबल क्लेम' म्हणतो. पुढे देय होणारे किंवा अटीवर अवलंबून असलेले कर्जही त्या व्याख्येत बसते. असे येणे कलम १३० प्रमाणे लेखी आणि सहीनिशी दुसऱ्याच्या नावे करता येते. मात्र कलम १३२ म्हणते की घेणारा ते येणे मूळ धनकोवर जी काही बंधने आणि दावे होते त्यांच्यासकट घेतो. कायद्यातच उदाहरण दिले आहे: अ चे ब कडे येणे आहे आणि ब चेही अ कडे काही येणे आहे, अ ने आपले येणे क ला दिले, तर ब आपली रक्कम क विरुद्धही वळती करू शकतो, मग क ला त्याची माहिती नसली तरी. आपली स्थानिक बँक ही या उदाहरणातील क आहे. आणि कलम १३७ कायद्याने किंवा व्यापारी रूढीने हस्तांतरणीय असलेल्या हुंडीसारख्या कागदांना या सगळ्यातून बाहेर ठेवते. केळापूरकर, आपण विचारलेला भेद या तीन कलमांतून उभा राहतो.

सान्तान्देर खटल्यातील तर्क भारतीय न्यायालयासमोर आला, तर कलम १३२ त्याला अगदी तयार जागा देते. कोणी 'तो इंग्लंडचा निकाल, आपला काय संबंध' म्हणत असेल, तर मी त्याच्याशी सहमत नाही.

अमेरिकेने हा प्रश्न कायद्यातच सोडवला. तेथील युनिफॉर्म कमर्शिअल कोडच्या १९९५ मध्ये सुधारलेल्या पाचव्या प्रकरणात, कलम ५-१०९ मध्ये, बँकेने मुदतीचे दायित्व पत्करल्यानंतर जो ते मोबदला देऊन आणि लबाडीची माहिती नसताना घेतो, त्याला स्पष्ट संरक्षण आहे. आपल्याकडे एलसीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा, वर सांगितलेले दोन कायदे आणि एलसीत शब्दाने समाविष्ट केलेले यूसीपी एवढ्यावरच सगळे उभे आहे. यूसीपी आपोआप लागू होत नाही, एलसीत तसे लिहिलेले असावे लागते, हेही लक्षात असू द्यावे.

जुना शाखाधिकारी

वकीलताईंनी कायद्याची बाजू नेमकी मांडली. मी बँकेच्या टेबलावरून लिहितो, कारण यूसीपी ६०० ने काय दिले आणि कोणाला दिले, हे कागद हातात घेऊनच कळते.

यूसीपी ६०० च्या कलम १२ च्या ब भागात असे आहे की एलसी उघडणारी बँक जेव्हा दुसऱ्या एखाद्या बँकेला हुंडी स्वीकारण्यासाठी किंवा डेफर्ड पेमेंटचे वचन देण्यासाठी नेमते, तेव्हा त्या नेमलेल्या बँकेला आपण स्वतः स्वीकारलेली हुंडी किंवा आपण स्वतः दिलेले वचन मुदतीआधी फेडण्याचा किंवा विकत घेण्याचा अधिकारही देते. कलम ७ च्या क भागात त्याला जोड आहे: नेमलेल्या बँकेने मुदतीआधी पैसे दिले असोत वा नसोत, तिची परतफेड मुदतीच्या दिवशी झालीच पाहिजे आणि परतफेडीचे हे वचन विक्रेत्याला दिलेल्या वचनापासून स्वतंत्र आहे. सान्तान्देरचा पैसा ज्या फटीतून गेला, ती फट या दोन वाक्यांनी बुजवली.

आता त्यातील 'नेमलेल्या' आणि 'स्वतः दिलेले' या शब्दांकडे पाहा. स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावरून, आलेल्या एलसीच्या संदेशात रकाना ४१ असतो. एलसी कोणत्या बँकेकडे आणि कोणत्या रीतीने उपलब्ध आहे, हे तेथे लिहिलेले असते. रकाना ४२ पी मध्ये मुदतीचा तपशील येतो आणि रकाना ४९ मध्ये कन्फर्मेशन द्यायचे की नाही याची सूचना येते. मी पाहिलेल्या अनेक एलसींमध्ये रकाना ४१ मध्ये एलसी उघडणाऱ्या बँकेचेच नाव आणि पुढे 'बाय डेफर्ड पेमेंट' एवढेच होते. अशा एलसीत आपल्या जिल्ह्यातील शाखा ही नेमलेली बँक नसते. ती फक्त कागद पाठवणारी बँक असते. तिने कारखानदाराला पैसे दिले, तर ते कलम १२ ब च्या बाहेर दिले, आणि ताईंनी सांगितलेले कलम १३२ तिच्यासमोर उभे राहते.

दुसरी बाब तितकीच महत्त्वाची आहे. आपली बँक नेमलेली असली, तरी तिने नुसती कागदपत्रे तपासून पुढे पाठवली, तर कलम १२ क प्रमाणे तिने कोणतेही दायित्व पत्करलेले नसते. आधी आपले वचन लेखी द्यायचे, मग ते मुदतीआधी फेडायचे, हा क्रम कागदावर दिसला पाहिजे. मी शाखेत असताना नव्या अधिकाऱ्यांना हाच क्रम वारंवार सांगत असे, कारण घाईच्या हंगामात कर्ज खात्याची नोंद आधी होते आणि वचनाचे पत्र लिहायचे राहून जाते.

आता कारखानदाराने वाचायचे काय? बँक पैसे देताना जे सहमतिपत्र सहीसाठी पुढे करते, त्यात 'विथ रिकोर्स' असते की 'विदाउट रिकोर्स', हे पाहावे. आपल्या भागात बहुतेक ठिकाणी पहिलेच असते. त्याचा अर्थ असा की खरेदीदाराच्या बँकेकडून पैसे आले नाहीत, तर बँक व्याजासह ते आपल्या खात्यातून वळते करून घेईल. बँक सान्तान्देरसारखी अडकणार नाही, अडकेल तो कारखानदार.

हिंगणघाटकर

आमच्या नात्यातील एका जिनिंगमध्ये नेमके असेच घडले, म्हणून लिहितो. गठाणी पोहोचल्या, खरेदीदाराच्या बँकेने मुदतीची तारीख कळवली, आणि त्यानंतर रुईचे भाव उतरले. भाव उतरताच खरेदीदाराची तक्रार आली की मालात कचऱ्याचे प्रमाण ठरल्यापेक्षा जास्त आहे आणि तपासणीचा दाखला चुकीचा आहे. त्याने तिकडच्या न्यायालयात धाव घेतली आणि मनाई मागितली. इकडे बँकेने पैसे आधीच दिले होते, तेही विथ रिकोर्स. रात्रंदिवस तो भाऊ एकच विचारत होता की शेतकऱ्यांना दिलेले पैसे परत मागू का. पुढे तडजोड होऊन थोडी रक्कम कमी करून प्रकरण मिटले. मला विचारायचे आहे की कचरा जास्त निघाला, हे 'लबाडी' या सदरात बसते का?

अमरावती वकील

हिंगणघाटकर, बसू नये, आणि याविषयी मला ठामपणे लिहायचे आहे.

एलसी मूळ सौद्यापासून वेगळी आहे. यूसीपी ६०० चे कलम ४ हे सांगते आणि कलम ५ सांगते की बँकांचा व्यवहार कागदपत्रांशी असतो, मालाशी नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तारापोर आणि कंपनी विरुद्ध ट्रॅक्टरोएक्स्पोर्ट या १९६९ साली छापलेल्या निकालात हेच धरले. तो खटला मुद्दाम वाचण्यासारखा आहे, कारण तेथेही पैसे थांबून द्यायचे होते: फराक्का प्रकल्पाच्या कामासाठी सोव्हिएत संघाकडून यंत्रे घेतली होती, एलसीखाली एक चतुर्थांश रक्कम कागदपत्रांवर आणि बाकीची पहिल्या भरण्यापासून वर्षभरात द्यायची होती. मधल्या काळात खरेदीदाराने यंत्रे नीट चालत नसल्याची तक्रार केली आणि पैसे रोखण्यासाठी न्यायालयात गेला. न्यायालयाने ते रोखू दिले नाही. मालाची तक्रार असेल तर तिचा दावा वेगळा चालवा, एलसीचे पैसे त्यात अडकवू नका, असा त्या निकालाचा रोख आहे. मुदत आहे म्हणजे माल पाहून, वापरून, मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवायची सवड आहे, हा समज त्याने खोडून काढला.

लबाडीचा अपवाद आहे, पण तो अरुंद आहे. यू. पी. को-ऑपरेटिव्ह फेडरेशन विरुद्ध सिंग कन्सल्टंट्स हा १९८८ च्या सुप्रीम कोर्ट केसेसमध्ये छापलेला निकाल बँक गॅरंटीविषयी असला, तरी एलसीलाही तीच कसोटी लावली जाते: लबाडी ढळढळीत आणि संपूर्ण व्यवहाराच्या मुळाशी भिडणारी असावी लागते, आणि ती नुसती आरोपापुरती असून चालत नाही. कचरा दोनऐवजी चार टक्के निघणे हा दर्जाचा वाद झाला. गठाणींऐवजी चिंध्या भरून पाठवणे ही लबाडी झाली.

ही रेषा न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने १९४१ साली स्टाइन विरुद्ध श्रोडर या खटल्यात आखली आणि आपल्या दृष्टीने त्यातील गंमत अशी की माल पाठवणारा विक्रेता लखनौचा होता. सौदा ब्रिसल्स म्हणजे डुकराच्या राठ केसांचा होता. आरोप असा होता की ५० पेट्यांमध्ये गाईचे केस आणि केरकचरा भरला आहे. न्यायालयाने दाव्याच्या त्या टप्प्यावर आरोप खरे धरून पैसे थांबवता येतील असे ठरवले. मात्र त्याच निकालात हेही स्पष्ट केले की कागदपत्रे सादर करणारी बँक त्या व्यवहारात केवळ वसुलीसाठी विक्रेत्याच्या वतीने उभी होती. तिने प्रामाणिकपणे मोबदला देऊन हुंडी घेतली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणजे मुनीमजींनी धाग्याच्या आरंभी विचारलेला प्रश्न त्या काळापासून न्यायालयांसमोर आहे. भारतात फेडरल बँक विरुद्ध व्ही. एम. जोग इंजिनिअरिंग या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एलसीतील लबाडी आणि मनाई हुकूम यांची सविस्तर चर्चा केली आहे. ज्यांना खोलात जायचे असेल त्यांनी तो अवश्य वाचावा.

शाखाधिकारी साहेबांच्या मुद्द्यात एक भर घालते. नेमलेल्या बँकेला यूसीपीने दिलेला अधिकार भारतीय कायद्यात कोठे बसतो, असे मला विचारले जाते. माझ्या मते तो करार कायद्याच्या कलम २२२ आणि २२३ मध्ये बसतो. प्रतिनिधीने मिळालेल्या अधिकारात, प्रामाणिकपणे केलेल्या कामाचा भुर्दंड मुख्य व्यक्तीने सोसायचा, असे ती कलमे सांगतात. एलसी उघडणाऱ्या बँकेने मुदतीआधी फेडण्याचा अधिकार कलम १२ ब ने दिला असेल, तर नेमलेली बँक केवळ विक्रेत्याच्या हक्कावर उभी नसते, तिचा स्वतःचा भरपाईचा हक्क असतो. कलम १३२ चा तिच्याशी संबंध उरत नाही.

वरुड संत्रा

आम्ही संत्री बांगलादेशाकडे पाठवतो. आमचा माल ट्रकने सीमेपर्यंत जातो आणि काही दिवसांत विकला जातो, तरी खरेदीदार ६० दिवसांची मुदत मागू लागले आहेत. माझी अडचण तारखेची आहे. एका एलसीत मुदत 'कागदपत्रे स्वीकारल्याच्या तारखेपासून' अशी लिहिली आहे. ती तारीख कोण ठरवणार? कागदपत्रे तिकडे पडून राहिली, तर माझी मुदत सुरूच होणार नाही का?

जुना शाखाधिकारी

वरुडचे भाऊ, अशी अट स्वीकारू नये. मुदत बिल ऑफ लेडिंगच्या किंवा ट्रक रिसीटच्या तारखेपासून धरावी, म्हणजे ती कागदावरूनच काढता येते आणि कोणाच्या मर्जीवर राहत नाही. यूसीपी ६०० च्या कलम ३ प्रमाणे मुदत मोजताना 'फ्रॉम' आणि 'आफ्टर' या दोन्ही शब्दांत दिलेली तारीख धरायची नाही. बिल ऑफ लेडिंग १० जानेवारीचे आणि मुदत ९० दिवसांची असेल, तर पहिला दिवस ११ जानेवारी आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा असताना मुदत १० एप्रिलला भरते.

कागदपत्रे पडून राहण्याविषयी: तपासणीसाठी बँकेला सादर केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जास्तीत जास्त ५ बँक-दिवस मिळतात. त्या काळात तिने सर्व उणिवा एकाच सूचनेत कळवल्या नाहीत, तर कलम १६ फ प्रमाणे कागदपत्रे चुकीची आहेत असे म्हणण्याचा तिचा हक्क जातो. उणिवा कळवून कागदपत्रे परत पाठवतो म्हणायचे आणि प्रत्यक्षात ती दाबून ठेवायची, हेही चालत नाही. २०११ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने फोर्टिस बँक विरुद्ध इंडियन ओव्हरसीज बँक या खटल्यात असे ठरवले की आपल्या सूचनेप्रमाणे कागदपत्रांची वाट वेळेत लावली नाही, तर तो हक्क तसाच जातो. म्हणून सादर केल्याची तारीख आणि पोहोच जपून ठेवा. रकाना ३१ डी मध्ये एलसी संपण्याचे ठिकाणही पाहा. ते खरेदीदाराच्या गावचे असेल, तर कागदपत्रे तेथे वेळेत पोहोचवण्याची जबाबदारी तुमची, आणि कुरिअर उशिरा गेले तर नुकसानही तुमचेच.

आर्वीकर

आम्ही परदेशात विकत नाही. तामिळनाडूतील सूतगिरण्या गठाणी घेतात आणि देशांतर्गत ९० दिवसांची एलसी देतात. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा कायदा आहे म्हणतात. मग ९० दिवसांची एलसी बेकायदा ठरते का?

अमरावती वकील

आर्वीकर, एलसी बेकायदा ठरत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे कलम १५ खरेदीदाराला बांधते: सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी ठरलेली मुदतसुद्धा ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. हा दावा खरेदीदाराविरुद्ध आहे. बँकेचे वचन ९० दिवसांचे असेल, तर बँक ९० दिवसांनीच देणार. तुमचा कारखाना उद्यम नोंदणीत असेल, तर वाटाघाटीच्या वेळी हे कलम समोर ठेवा. मुदत कमी करून घेण्यासाठी किंवा डिस्काउंटचा, म्हणजे मुदतीआधी पैसे उचलताना कापल्या जाणाऱ्या व्याजाचा, खर्च खरेदीदाराकडे टाकण्यासाठी ते चांगले कारण आहे.

देशांतर्गत सौद्यात माझा आग्रह हुंडीचा आहे. मुद्रांक शुल्क लागले तर तो खर्च येतो, पण १८८१ च्या कायद्याची पूर्ण ढाल मिळते. खटला भरण्याची वेळ आली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा संक्षिप्त दावा हुंडीवर सरळ लावता येतो. डेफर्ड पेमेंटच्या वचनावरही तो लावता येईल, असे माझे मत आहे, कारण ते ठरलेल्या रकमेचे लेखी दायित्व आहे. पण तेथे समोरचा पक्ष आक्षेप घ्यायला जागा शोधतो. ३ लाख रुपयांपासून पुढचा व्यापारी वाद असेल, तर २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याचे कलम १२ अ लक्षात ठेवा: तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी करावीच लागते, आणि ती न करता भरलेला दावा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पाटील ऑटोमेशन प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मुनीमजी

वकीलताई आणि शाखाधिकारी साहेब, आपले मनापासून आभार. एका कारखान्याची नवी एलसी सध्या माझ्यासमोर आहे. रकाना ४१ मध्ये परदेशी बँकेचेच नाव आहे, रकाना ४९ मध्ये 'विदाउट', म्हणजे कन्फर्मेशन नको, असे लिहिले आहे आणि मुदत १२० दिवसांची आहे. माल अजून गोदामात आहे. खरेदीदाराकडे मी अशी दुरुस्ती मागणार आहे: रकाना ४१ मध्ये आमच्या बँकेच्या नागपूर शाखेचे नाव घालून एलसी तिच्याकडे डेफर्ड पेमेंटने उपलब्ध करावी, मुदत बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून धरावी, एलसी संपण्याचे ठिकाण भारत असावे आणि कन्फर्मेशनची परवानगी द्यावी. यात काही राहिले आहे का?

जुना शाखाधिकारी

मागणी योग्य आहे. दोन गोष्टी सांभाळा. कलम १० प्रमाणे एलसीतील दुरुस्ती तुमच्या संमतीशिवाय तुम्हाला बांधत नाही, पण तिचा थोडा भाग स्वीकारून बाकीचा नाकारता येत नाही. खरेदीदाराने या दुरुस्तीसोबत एखादी नवी तपासणीची अट घुसवली, तर सगळे मान्य करावे लागेल किंवा सगळे फेटाळावे लागेल. म्हणून मसुदा आधी ईमेलवर पक्का करून घ्या आणि मगच बँकेकडून दुरुस्ती निघू द्या.

दुसरे, नागपूर शाखेकडे आजच विचारणा करा की ती डेफर्ड पेमेंटचे वचन स्वतःच्या नावे द्यायला तयार आहे का. परदेशी बँकेसाठी तिच्याकडे मर्यादा मंजूर नसेल, तर रकान्यात नाव येऊनही ती कागदपत्रे फक्त पुढे पाठवेल. तयारी असल्याचे लेखी उत्तर आले, की त्यात वचनाचे पत्र आणि पैसे देण्याची नोंद या क्रमाने होईल, हेही लिहून घ्या. ते उत्तर येईपर्यंत गठाणी गोदामातून हलवू नका.

मुनीमजी

शाखेला आज सकाळीच पत्र दिले आहे आणि खरेदीदाराला मसुदा पाठवला आहे. एलसीची दुरुस्ती आल्यावर रकाना ४१ आणि ४२ पी जसेच्या तसे, नावे वगळून, येथे लिहीन, म्हणजे आर्वी, वरुड आणि हिंगणघाटच्या मंडळींना आपापल्या एलसीशी ताडून पाहता येतील.